भावानं दुबईहून पाठवलेला पैसा नक्की कोणाचा?



११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि त्यात आपला पन्हाळा आहे. तेव्हापासून गडावर आणि गडाखालच्या वाड्यांत चर्चा एकच. कुणाला होमस्टे काढायचाय, कुणाला तंबू लावायचेत, कुणाला झुणका-भाकरीच्या टपरीचं नीट हॉटेल करायचंय. चांगलंच आहे. पण मी पहिला प्रश्न विचारतो, "भांडवल कुठून आणणार?" आणि बरेच जण एका दमात सांगतात, "सर, भाऊ दुबईला आहे." नाहीतर मस्कत, कतार, जर्मनी, अमेरिका.

यावर माझं मत स्पष्ट आहे, आणि काहींना ते टोचेल. आपली माणसं परदेशातून पैसा आणताना शंभर रुपये फी वाचवायला चार ॲप चाळतात. पण हा पैसा भेट आहे, उसना आहे की भागीदारी आहे, हे एकमेकांना विचारत नाहीत. ते पैसा निघायच्या आधी ठरलं पाहिजे. कारण पैसा कोणाच्या खात्यात, कोणत्या खात्यात आणि कोणत्या कारणाखाली आला, यावरून तो कागदावर कोणाचा हे ठरतं. नंतर जोतिबाची शपथ घेतली तरी बँकेच्या स्टेटमेंटवरची ओळ बदलत नाही.

आणि हा किरकोळ विषय नाही बरं का. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातल्या माणसांनी भारतात सुमारे ११९ अब्ज डॉलर पाठवले आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राचा होता, २०.५ टक्के. केरळ त्याच्या किंचित मागे, १९.७ टक्के. आपल्याकडं आलेल्या पैशात मुंबई-पुण्याचा हिस्सा मोठा असणार हे उघड आहे. पण पन्हाळा तालुक्यातल्या ज्या घरात दर महिन्याला दिरहमचे रुपये होतात, त्या घराला टक्केवारीशी काय करायचंय? तिथं तो पैसा म्हणजे घरातली सगळ्यात मोठी आवक असते.

आधी दराचं बघू

(दर म्हणजे दिरहमचा. भावाचा भाव नंतर काढू.)

लोक विचारतात, "सर, कुठल्या कंपनीची फी कमी?" हा प्रश्नच अर्धा आहे. पैसे पाठवणाऱ्या कंपनीची कमाई दोन ठिकाणी असते. एक उघड फी, आणि दुसरी दरातला फरक. "झिरो फी" अशी मोठी पाटी लावणारा बऱ्याचदा दुसऱ्या खिशातून घेतो.

दुबईच्या बाबतीत हा फरक पकडायला एकदम सोपा आहे. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम डॉलरला बांधलेला आहे. एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, हा आकडा १९९७ पासून हललेला नाही. म्हणजे त्या दिवशीचा डॉलरचा बाजारभाव घ्यायचा, ३.६७२५ नं भागायचं, दिरहमचा खरा भाव मिळाला. सौदीचा रियालही असाच, डॉलरला ३.७५.

समजा डॉलर ८८ रुपये १४ पैसे आहे. भागलं की दिरहम बरोबर २४ रुपये. आता भाऊ २०,००० दिरहम पाठवतोय. खऱ्या दरानं ४,८०,००० रुपये व्हायला पाहिजेत. पहिली कंपनी म्हणते फी शून्य, दर २३.६०. हातात येतात ४,७२,०००. दुसरी म्हणते २५ दिरहम फी, दर २३.९२. फी कापून राहिले १९,९७५ दिरहम, त्याचे होतात ४,७७,८०२ रुपये. म्हणजे फी घेणारी कंपनी ५,८०२ रुपयांनी स्वस्त पडली. एवढ्यात होमस्टेच्या एका खोलीच्या गाद्या-उशा येतात. त्यामुळं विचारायचा प्रश्न एकच: "मी अमुक रक्कम दिली तर माझ्या भावाच्या खात्यात शेवटी किती रुपये पडणार?" हाच प्रश्न त्याच दिवशी तीन ठिकाणी विचारा. संपलं.

दोन बारीक गोष्टी. बँकेतून स्विफ्टनं पैसे पाठवले तर मधल्या बँका कधीकधी आपला हात मारतात, म्हणून खर्च पाठवणाऱ्याचा की घेणाऱ्याचा हे फॉर्मवर नीट निवडायला सांगा. आणि परकीय चलनाचे रुपये भारतातल्या बँकेत होत असतील तर त्या बदलीवर जीएसटी लागतो. तो पाच लाखांवर ५४० रुपयांच्या आसपास जातो. लोक या जीएसटीवरून मॅनेजरशी भांडतात आणि दरातले पाच-सहा हजार गपचूप सोडून देतात.

जगभरात २०० डॉलर पाठवायला सरासरी सहा टक्क्यांहून जास्त खर्च येतो असं जागतिक बँकेचे आकडे सांगतात. २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. आखातातून भारत हा गर्दीचा रस्ता, स्पर्धा भरपूर, म्हणून आपल्याला स्वस्त मिळू शकतं. फक्त विचारायची सवय पाहिजे. सिंगापूरवाल्यांसाठी तर २१ फेब्रुवारी २०२३ पासून तिथलं पेनाऊ आणि आपलं यूपीआय जोडलेलं आहे. अमेरिकेतल्या भावंडांनी एवढं लक्षात ठेवायचं की १ जानेवारी २०२६ पासून तिथं रोख रक्कम देऊन बाहेर पैसे पाठवले तर एक टक्का कर आहे. बँक खात्यातून पाठवले तर नाही.

ज्या वाटेनं औषधाचे पैसे येतात, त्या वाटेनं खोली बांधायची नाही

आता खरी अडचण. गावाकडं बरेच जण काउंटरवर जाऊन, पासवर्ड नंबर सांगून पैसे घेतात. त्या सोयीला रिझर्व्ह बँकेच्या भाषेत मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम म्हणतात. एका वेळी जास्तीत जास्त २,५०० डॉलर, एका माणसाला वर्षात ३० वेळा, आणि रोख हातात फक्त ५०,००० रुपयांपर्यंत. आईच्या औषधाला, पोरांच्या फीला उत्तम. पण त्याच नियमात लिहिलंय की जागा-खरेदी, गुंतवणूक, व्यापाराचे पैसे या वाटेनं आणायचे नाहीत, आणि ते एनआरई खात्यातही टाकायचे नाहीत. आपण काय करतो? "घरखर्च" म्हणून तीस वेळा थोडे थोडे आणतो आणि त्यात स्लॅब ओततो.

मग पुढं बँकेत कर्जाला गेल्यावर पंचाईत होते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के आणि विशेष गटाला ५ टक्के दाखवावा लागतो. मॅनेजर विचारतो, हा हिस्सा कुठून आला? तुम्ही पासबुक पुढं करता. त्यात दर महिन्याच्या जमा, त्याखाली इंग्रजीत "फॅमिली मेंटेनन्स". घरखर्चाला आलेला पैसा धंद्याचं भांडवल कसा झाला, हे समजावण्यात तुमची सकाळ जाते. चूक मॅनेजरची नाही. त्याला जे दिसतंय ते तो वाचतोय.

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेला कारणाचा एक कोड लागतो. कुटुंबाचा खर्च आणि बचत यासाठी पी १३०१, वैयक्तिक भेटीसाठी पी १३०२. ॲपमध्ये "पर्पज" म्हणून जी यादी उघडते ती हीच. भाऊ तिथं लंच ब्रेकमध्ये उभ्या उभ्या पहिला पर्याय दाबतो आणि मोकळा होतो. त्याला सांगा, ती यादी वाच. मिनिटभर लागतं.

हवाल्याबद्दल जास्त बोलत नाही. "आमच्या ओळखीचा माणूस आहे, बँकेपेक्षा वीस पैसे जास्त देतो" असं कुणी म्हणालं की उठून चहा प्यायला जा. फेमा कायद्यात रकमेच्या तिप्पट दंडाची तरतूद आहे. पण दंड बाजूला ठेवला तरी असा पैसा रोखीत येतो, आणि रोखीत आलेल्या पैशाला बाप नसतो. जीएसटी भरणाऱ्या, ऑनलाइन बुकिंग घेणाऱ्या होमस्टेला असला पैसा काय कामाचा?

गंगा कोठी, यमुना कोठी

अंबरखान्यात गेलाय ना? गंगा, यमुना, सरस्वती. तीन कोठ्या, एकाच किल्ल्यावर, पण वेगवेगळ्या. पोरांना खाती समजावताना मी त्यांचंच उदाहरण देतो.

परदेशात नोकरीला गेलेल्या माणसाची भारतात मुख्यतः दोन कोठारं. एक एनआरई. यात बाहेरून कमावलेला पैसा येतो. रुपयात राहतो, व्याजावर भारतात कर नाही, आणि मुद्दल-व्याज दोन्ही पाहिजे तेव्हा परत बाहेर नेता येतं. दुसरं एनआरओ. यात त्याचा भारतातला पैसा येतो: घरभाडं, उसाचं बिल, जुन्या ठेवी. व्याजावर कर आहे, ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस आधीच कापला जातो. त्यातून कर भरून झाल्यावर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. तिसरी कोठी म्हणजे इथं राहणाऱ्या तुमचं साधं बचत खातं.

आता कितीतरी घरात काय चाललेलं असतं बघा. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, पण कोल्हापूरच्या बँकेतलं त्याचं जुनं बचत खातं तसंच आहे. एटीएम कार्ड वडिलांकडं, सिमकार्ड वहिनीच्या फोनमध्ये, ओटीपी आला की वहिनी ओरडून सांगते. नियम असा आहे की नोकरीला बाहेर गेलेल्याचं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं. "आजवर काही झालं नाही" हे खरं असेल. पण त्या खात्यातून तुम्ही लाखांची विटा-वाळू उचलायला लागलात की ते खातं कुणाच्या तरी नजरेत येणारच.

आणि कार्ड फिरवायची गरजच नाही. भाऊ आपल्या एनआरई खात्यावर तुम्हाला मॅन्डेट किंवा मुखत्यारपत्र देऊ शकतो. मग सिमेंटवाल्याचं बिल, गवंड्याची मजुरी तुम्ही इथून त्याच्या खात्यातून रीतसर देऊ शकता. मुखत्याराला त्या खात्यातून स्वतःला किंवा दुसऱ्याला भेट देता येत नाही, आणि खातेदार सोडून दुसऱ्या कुणाला परदेशात पैसे पाठवता येत नाहीत. बंधनं योग्यच आहेत, दोघांनाही त्याचा फायदा. शिवाय २०२३ पासून अमिराती, ओमान, कतार, सौदी अशा ठराविक देशांतल्या मोबाईल नंबरवर एनआरई-एनआरओ खात्याचं यूपीआय चालू करता येतं. भाऊ अबुधाबीत बसून कोडोलीतल्या हार्डवेअरवाल्याला पैसे देऊ शकतो.

याउलट, भावानं रक्कम सरळ तुमच्या बचत खात्यात टाकली की ती तुमची झाली. "माझे पैसे तुझ्या खात्यात ठेवलेत" ही घरातली भाषा आहे, बँकेची नाही. उद्या भावाला दुबईत अडचण आली, नोकरी गेली, आणि तो म्हणाला "सात लाख परत पाठव", तर तुम्ही भारतातून बाहेर पैसे पाठवणारे नागरिक ठरता. त्याला मर्यादा आहे माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर, म्हणजे मर्यादेची अडचण नाही. पण अर्ज, पॅन, कारण, आणि वर्षात १० लाखांच्या पुढं गेलात तर टीसीएस, हे सगळं तुमच्या मागं लागतं. एनआरईत ठेवलेली रक्कम त्यानं स्वतः, फोनवरून, परत नेली असती.

भेट, उसने की भागीदारी

हा भाग नीट वाचा. इथंच घरं फुटतात.

भेट असेल तर सोपं. सख्ख्या भावानं, बहिणीनं, आई-वडिलांनी, मुलानं दिलेली रक्कम कितीही असो, घेणाऱ्याला आयकर नाही. काका, मामा, आत्या, मावशी यांनी दिली तरी नाही. पण चुलतभाऊ, मावसभाऊ, मामेभाऊ? आपल्याकडं तो भाऊच. आयकर कायद्यात तो नातेवाईक नाही. वर्षभरात अशा लोकांकडून आलेली रक्कम ५०,००० च्या वर गेली की पूर्ण रकमेवर कर, फक्त वरच्या भागावर नव्हे. आणखी गंमत बघा: मामानं भाच्याला दिले तर करमुक्त, भाच्यानं मामाला दिले तर त्या यादीत भाचा बसत नाही. ज्या मामानं भाच्याला शिकवून कतारला पाठवलं त्यालाच हा नियम आडवा येतो. मला हा नियम पटत नाही, पण आहे तो असा आहे. भेट असेल तर पानभर भेटपत्र करा: कोणी, कोणाला, किती, कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेतून, परत मागणार नाही. दोघांच्या सह्या.

उसने असतील तर कर्जाचा करार. परदेशातल्या नातेवाइकाकडून कर्ज घ्यायला फेमात वेगळे नियम आहेत, आणि ते पैसे शेतीत किंवा जमिनीच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात घालता येत नाहीत. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून त्या महिन्यात सीएला विचारूनच करार लिहा. सीएची हजार-दोन हजार फी द्यायला जीवावर येतं का? मग सात लाखाचं कर्ज घेऊ नका.

भागीदारी असेल तर तीही होते. अनिवासी भारतीय इथल्या एकट्याच्या मालकीच्या धंद्यात किंवा भागीदारी फर्ममध्ये पैसे घालू शकतो. पैसे बँकेच्या वाटेनं बाहेरून किंवा त्याच्या एनआरई-एनआरओ खात्यातून आले पाहिजेत, आणि धंदा शेतीचा, मळ्याचा किंवा जमीन-व्यवहाराचा नको. होमस्टे, हॉटेल, गूळ-काकवीचं दुकान चालतं. मात्र हे भांडवल एनआरईसारखं मनात आलं की बाहेर नेता येणार नाही. हे भावाला आधी सांगा. त्यानं दोन वर्षांनी शोधून काढलं तर तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

"सर, घरात कागद काढला की वाईट दिसतं हो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. कागद हा परक्यांत करायचा असतो, ही आपली समजूत. मी उलटं म्हणतो. परका फसवला तर धंदा बुडेल. भावाशी बिनसलं तर धंदा, घर, आईची तब्येत आणि दिवाळी, सगळं जातं. जिथं जास्त गमवायचंय तिथं कागद जास्त पाहिजे.

आणि एक गोष्ट इथं राहणाऱ्यांसाठी, म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्यासाठी. कागद म्हटलं की तुम्हाला वाटतं तो दुबईवाल्याच्या बाजूचा. तसं नाही. त्याचा पैसा बँकेत नोंदलेला आहेच, तारीख आणि रकमेसकट. तुमचे कष्ट कुठं नोंदलेत? पाऊस-धुक्यात गवंड्यांच्या मागं तुम्ही उभे राहिलात. नळ गळाला तर रात्री अकरा वाजता तुम्ही उठलात. पुण्याच्या पाहुण्यांनी तांबड्या रश्श्यावरून तक्रार केली ती तुमच्या बायकोनं ऐकली. पाच वर्षांनी हिशोबाला बसाल तेव्हा भाऊ म्हणेल, "मी बारा लाख घातले." ते खरं असेल. तुम्ही म्हणाल, "मी राबलो." तेही खरं असेल, पण त्याचा आकडा कुठं आहे? म्हणून करारात लिहा: चालवणाऱ्याला दरमहा इतका पगार, मग उरलेल्या नफ्यात वाटणी. पगार सुरुवातीला देता आला नाही तर बाकी म्हणून वहीत धरा. दुबईच्या भावाला हे सांगताना लाजू नका. तो स्वतः पगारावर आहे, त्याला पगार म्हणजे काय ते चांगलं कळतं.

त्याच्या बाजूनंही बघा. तो तिथं खोलीत सहा जणांबरोबर राहून पैसा वाचवतो. फोनवर त्याला स्लॅबचा फोटो येतो आणि "अजून दोन लागतील" असा मेसेज. तिसऱ्या वेळी त्याच्या मनात येतंच, बांधकामाला खरंच लागतायत का? त्यानं विचारलं की तुम्हाला राग येतो. बिलं सरळ त्याच्या एनआरई खात्यातून गेली असती तर त्यानं विचारलंही नसतं.

सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

गडाखाली रस्त्याला लागून वीस गुंठे मिळतायत, भावाचा पैसा तयार आहे. थांबा. अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलार्जित हिस्सा वारशानं मिळतो, तो वेगळा. त्यामुळं काय करतात? पैसा त्याचा, सातबारा तुमच्या एकट्याच्या नावावर, आणि "खरी जमीन दादाची" असं तोंडी ठरलेलं.

हा व्यवहार बेनामी कायद्याच्या तोंडाशी नेऊन ठेवणारा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात जप्तीची तरतूद आहे. बायको-मुलांच्या नावावर उघड कमाईतून घेतलं तर सवलत आहे. भावा-बहिणीच्या बाबतीत सवलत आहे ती दोघांची नावं कागदावर असतील तर. आणि शेतजमिनीवर त्याचं नाव खरेदीनं लागतच नाही. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. उरतो तो सरळ रस्ता: त्यानं तुम्हाला रक्कम खरोखर भेट दिली, भेटपत्र केलं, आणि जमीन खरोखर तुमची. "खरोखर" हा शब्द दादाला आणि वहिनीला, दोघांना मान्य असेल तरच पुढं जा.

माझं विचाराल तर सुरुवातीला जमीन घेऊच नका. आपलं जुनं घर आहे ना? त्यातल्या दोन खोल्या, स्वच्छ संडास-बाथरूम, गरम पाणी, आणि पर्यटन विभागाच्या निवास व न्याहरी योजनेत नोंदणी. भावाच्या तीन-चार लाखांत हे उभं राहतं आणि तुम्हाला धंदा जमतो की नाही हे एका मोसमात कळतं. गडावर घर असेल तर पुरातत्त्व खात्याचं आधी बघा. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आहे, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. भावाचे पैसे आल्यावर हे कळून उपयोग नाही.

जाता जाता उलट्या दिशेचं. काही जणांचा भाऊ भांडवल देत नाही, तो गिऱ्हाईक आहे. लंडनला मराठी मंडळात कोल्हापुरी चप्पल, गूळ, चटणी विकतो आणि पैसे पाठवतो. ही निर्यात आहे. ते पैसे "फॅमिली मेंटेनन्स" म्हणून बचत खात्यात घेऊ नका. आयातदार-निर्यातदार कोड काढा, चालू खातं उघडा, बिल करा, आणि बँकेला निर्यातीचाच कोड सांगा. मालाच्या आगाऊ रकमेला पी ०१०३ असतो. यावर वेगळा व्हिडिओ करणार आहे, इथं एवढंच.

पहिली रक्कम छोटी मागवा, पाच-दहा हजारांची. नावाचं स्पेलिंग जुळतं का, आयएफएससी बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललाय का, कोड बरोबर पडला का, सगळं दिसतं. मोठी रक्कम आली की त्याच महिन्यात बँकेकडून परकीय रक्कम जमा झाल्याचा दाखला मागा. दोन वर्षांनी गेलात तर शाखेतला माणूस बदललेला असतो. तो दाखला, भेटपत्र किंवा करार, आणि भावानं तिकडून काढलेली पावती, तिन्ही एका फाइलीत.

आणि हो, मला प्रश्न पाठवताना खातं नंबर आणि पासबुकाचे फोटो पाठवू नका. मागच्या वेळी तिघांनी पाठवले होते.